दार आपले, कडी कुणाच्या हाती?

यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाचे एक लहानसे गाव आहे. लोकसंख्या जेमतेम दीड हजाराच्या आसपास. या गावच्या ग्रामपंचायतीच्या नावाने सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ या तीन महिन्यांत नागरी नोंदणी प्रणालीत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे त्या वर्षाच्या अखेरीस उघडकीस आले. गावात जितकी माणसे नाहीत, त्याच्या कितीतरी पट बाळे एका तिमाहीत जन्माला आली! गुन्हा नोंदविला गेला, विशेष तपास पथक नेमले गेले. हे कोणी केले, कशासाठी केले आणि कोणत्या मार्गाने केले, याचा छडा लावणे हे पोलिसांचे व न्यायालयाचे काम. परंतु एक गोष्ट सांगायला तपास पथकाची आवश्यकता नाही. या उद्योगासाठी ग्रामपंचायतीच्या कपाटाचे कुलूप कुणाला फोडावे लागले नाही. गावाच्या नावाची संगणकीय किल्ली भलत्या हातात गेली आणि कार्यभाग साधला.

जन्माचा दाखला हा नागरिकत्वाच्या साखळीतील पहिला दुवा. त्यावर शाळेचा प्रवेश, त्यावर आधार, त्यावर शिधापत्रिका, त्यावर पारपत्र. तोच दुवा असा सहज जोडता येत असेल, तर सीमेवरच्या तारेच्या कुंपणाइतकेच महत्त्व ग्रामपंचायतीच्या टेबलावरील संगणकाला आले आहे, हे मान्य करावे लागेल. या प्रकरणावर पत्रके निघाली, आरोप झाले, प्रत्यारोप झाले. मात्र एक साधा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. गावोगावच्या कार्यालयांत, सेवा केंद्रांत आणि घराघरांत ज्या खिडकीतून हे सारे व्यवहार होतात, ती खिडकी कोणती? तिची कडी शेवटची कधी तपासली? संगणकावर वा भ्रमणध्वनीवर महाजालाचे दार उघडणाऱ्या त्या साधनाला ब्राऊझर म्हणतात. मराठीत त्याला न्याहाळक असा सुरेख शब्द आहे. पण आपण त्याच्यातून जग न्याहाळत असताना तो आपल्याला न्याहाळत असतो, याचे भान मात्र सुशिक्षितांनाही नाही.

दाराचे काम काय?

मुलीचे स्थळ पाहताना सात पिढ्यांची चौकशी करणारा, घर घेताना तीस वर्षांचा फेरफार तपासणारा, सोने घेताना हॉलमार्क पाहणारा मराठी मध्यमवर्ग ब्राऊझर कसा निवडतो? तो निवडतच नाही. दुकानदाराने जो फोन दिला त्यात जे होते, ते वापरतो. त्याच खिडकीतून तो बँकेचे खाते उघडतो, सातबारा काढतो, मुलाचा प्रवेश अर्ज भरतो, वडिलांच्या आजाराविषयी शोध घेतो. घरातील एखाद्या व्यक्तीला कुटुंबाविषयी जितके ठाऊक नसेल, तितके या एका साधनाला ठाऊक असते.

ब्राऊझर संरक्षण करतो म्हणजे काय करतो? पहिले काम ओळख पटविण्याचे. समोरचे संकेतस्थळ खरोखर बँकेचेच आहे की बँकेचा मुखवटा घातलेल्या भामट्याचे, हे तो प्रमाणपत्र पाहून ठरवितो. दुसरे काम वाटेतल्या चोरापासून राखण करण्याचे. आपण टंकलेला संकेतशब्द तो कूटलिपीत बांधून पाठवितो. तिसरे काम वेगळेपणा राखण्याचे. गोठ्यात प्रत्येक जनावराचे दावे वेगळे असावे लागते, तसे एका खिडकीत उघडलेल्या वाह्यात संकेतस्थळाला शेजारच्या खिडकीतील बँकेच्या पानाला तोंड लावू न देणे, हे त्याचे कौशल्य. आणि चौथे, सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे स्वतःची भोके बुजविणे. लक्षावधी ओळींची ही आज्ञावली. तिच्यात दोष सापडतच राहतात. म्हणूनच ऑगस्ट २०२३ पासून क्रोमची सुरक्षाविषयक दुरुस्ती दर आठवड्याला येऊ लागली. ज्या घरात, ज्या कार्यालयात ही दुरुस्ती महिनोन्महिने घेतली जात नाही, तेथे दार आहे, कडी आहे, पण बिजागरी निखळलेली आहे.

सरकारी कचेऱ्यांची कथा याहून निराळी नाही. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ साली आली आणि पुढे कैक वर्षे आपली शासकीय संकेतस्थळे ‘हे पान एक्सप्लोररमध्येच उत्तम दिसेल’ अशी पाटी लावून बसली. जगाने तो सोडला तरी कचेऱ्यांनी सोडला नाही. अखेर १५ जून २०२२ रोजी खुद्द मायक्रोसॉफ्टनेच त्याला निरोप दिला. विंडोज ७ वर नवा क्रोम चालणे २०२३ च्या आरंभीच थांबले. विंडोज १० ची नियमित दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. या तारखा गावोगावच्या सेवा केंद्रांच्या भिंतीवर लावलेल्या आहेत काय? शाळेच्या संगणक कक्षाला कुणी कळविल्या आहेत काय?

शकुंतलेचा धडा

परावलंबन म्हणजे काय, हे यवतमाळकरांना पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. त्यांच्या दारातून शकुंतला धावत असे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला नेई. तेथून तो मुंबईला आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जाई. मार्ग किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या कंपनीचा. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, पण हा मार्ग त्यातून सुटला. जमीन आपली, प्रवासी आपले, घाम आपला, आणि रुळांची मालकी मात्र खासगी कंपनीच्या दप्तरी! स्वतंत्र भारताची रेल्वे आपल्याच भूमीवर गाडी चालवून त्या कंपनीला मोबदला देत राहिली. रूळ जुने झाले, वेग रोडावला, अखेर गाडीच थांबली. कारण ज्याच्या मालकीचे रूळ असतात, तो त्यांची निगा प्रवाशांच्या सोयीने राखत नसतो. नफ्याच्या हिशेबाने राखतो.

महाजालाचे रूळ आज असेच आहेत. जगातील सुमारे दोन तृतीयांश वापर एकट्या गुगलच्या क्रोमवरून होतो. मायक्रोसॉफ्टचा एज २०२० पासून गुगलच्याच क्रोमियम या गाभ्यावर उभा आहे. ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी यांची नावे निराळी, गाभा तोच. ॲपलच्या सफारीचा आणि मोझिलाच्या फायरफॉक्सचा गाभा तेवढा स्वतंत्र. यांतील मोझिलाचे उत्पन्नही मोठ्या प्रमाणावर गुगलकडूनच येते.

‘पण हे सारे फुकट आहे ना!’ असे म्हणणाऱ्यांनी एक हिशेब पाहावा. सफारीमध्ये शोधयंत्र म्हणून आपलेच नाव आधीपासून असावे, एवढ्यासाठी गुगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर दिले. अमेरिकेच्या न्यायालयातील कागदपत्रांतूनच हा आकडा बाहेर आला. जी वस्तू फुकट वाटली जाते, तिच्या दाराशी उभे राहण्याकरिता एवढी रक्कम कोणी का मोजावी? कारण त्या दारातून जाणारा प्रत्येक माणूस हाच माल आहे. भारतीय वंशाचे न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी गुगलने शोधक्षेत्रात बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निकाल दिला. अमेरिकी सरकारने तर क्रोम विकून टाकायला लावा, अशी मागणी केली. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने ती मान्य केली नाही, ही गोष्ट वेगळी. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने त्याआधीच, २० ऑक्टोबर २०२२ रोजी, अँड्रॉइड फोनच्या बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गुगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड ठोठावला होता. आपल्या फोनवर क्रोम आधीच बसवून देण्याचा मुद्दाही त्या आदेशात होता. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये हा दंड कायम ठेवला.

खासगीपणाविषयीच्या आश्वासनांचेही असेच. बाहेरच्या जाहिरातदारांचे पाळत ठेवणारे धागे, ज्यांना कुकी म्हणतात, ते फायरफॉक्सने २०१९ पासून आणि सफारीने २०२० पासून आपणहून रोखायला आरंभ केला. गुगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले की, क्रोममधूनही दोन वर्षांत ते हद्दपार होतील. मुदत पुढे गेली, पुन्हा पुढे गेली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला गेला. जाहिरातीवर जगणाऱ्याने जाहिरातीचा धागा तोडावा, ही अपेक्षाच भाबडी होती. ‘इनकॉग्निटो’ म्हणजे गुप्त खिडकी, असे समजून निर्धास्त राहणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, २०२० साली दाखल झालेल्या एका खटल्यात तडजोड करताना गुगलने २०२४ मध्ये त्या गुप्त खिडकीतून गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. नोंदी होत्या, म्हणून तर नष्ट करायच्या होत्या!

उत्तरेकडची कडी

पश्चिमेचा व्यापारी निदान न्यायालयापुढे उभा राहतो. उत्तरेकडच्या शेजाऱ्याचे काय? चीनच्या अलीबाबा उद्योगसमूहाचा यूसी ब्राऊझर एकेकाळी भारतातील स्वस्त भ्रमणध्वनींवर घरोघरी होता. काही काळ तर तो क्रोमच्याही पुढे होता. मंद जोडणीवर वेगाने चालतो, डेटा वाचवितो, क्रिकेटचा धावफलक दाखवितो, एवढ्यावर आपण भाळलो. मे २०१५ मध्ये कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅब या संस्थेने त्याची चिरफाड केली. माणसाने काय शोधले, हे कूटलिपीत न बांधता उघड्यावर पाठविले जात होते. चिनी आवृत्तीतून तर फोनचा ओळख क्रमांक आणि ठिकाणाची माहितीही उघडी पडत होती. हा इशारा २०१५ चा. आपण काय केले? वापरत राहिलो.

१५ जून २०२० रोजी गलवानच्या खोऱ्यात २० भारतीय सैनिकांनी प्राणार्पण केले. त्यानंतर २९ जून रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली ५९ चिनी उपयोजनांवर बंदी घातली. त्या यादीत यूसी ब्राऊझर होता, डीयू ब्राऊझर होता, सीएम ब्राऊझर होता. शासनाचा तो निर्णय योग्यच होता. परंतु आपल्या फोनमधील खिडकी बंद करण्यासाठी या समाजाला सीमेवरच्या वीस चितांची वाट का पाहावी लागली, हा प्रश्न आपल्या स्वदेशीनिष्ठेला विचारायला हवा. पाच वर्षे सज्ञान नागरिक काय करीत होते? दिवाळीत चिनी माळा नकोत म्हणून पत्रके वाटणाऱ्या हातातील फोनवर चिनी ब्राऊझर चालू होता, ही वस्तुस्थिती कडू असली तरी गिळायला हवी.

ओळखपत्र देणारा कोण?

या विषयातील सर्वांत खोल प्रश्न मात्र सामान्य चर्चेत येतच नाही. संकेतस्थळाची ओळख पटविणारे प्रमाणपत्र कोण देतो? त्यासाठी जगभरात प्रमाणन संस्था आहेत आणि त्यांतील विश्वसनीय कोणत्या, याची यादी ब्राऊझर बनविणाऱ्या कंपन्या ठरवितात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये भारतानेही प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक हे कार्यालय स्थापन केले, राष्ट्राचे मूळ प्रमाणपत्र निर्माण केले. पण जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजेच एनआयसीच्या, प्रमाणन यंत्रणेतून गुगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे बाहेर पडल्याचे गुगलच्या लक्षात आले. आपल्या नियंत्रकांनी एनआयसीची ती प्रमाणपत्रे तातडीने रद्द केली. तरीही मायक्रोसॉफ्टने त्या प्रमाणपत्रांवरील विश्वास काढून घेतला आणि क्रोमने भारताच्या मूळ प्रमाणपत्राचे क्षेत्र मोजक्या भारतीय नावांपुरते आखडून टाकले. फायरफॉक्सने तर ते आपल्या यादीत मुळात घेतलेच नव्हते. परिणाम काय? भारतीय संकेतस्थळांना ‘मी मीच आहे’ हे सांगण्यासाठी बहुतांशी परदेशी प्रमाणपत्रांचा आधार घ्यावा लागतो.

येथे परकीयांच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे. पण चूक आपल्या घरात झाली होती, हे आधी मान्य केले पाहिजे. पहारेकऱ्याच्या हातून किल्ली पडली, तर शेजाऱ्याने संशय घेतला म्हणून त्याच्याशी भांडण्यात अर्थ नसतो. विश्वास मागून मिळत नाही. उघड तपासणी आणि काटेकोर शिस्त यांतून तो मिळवावा लागतो. कझाकस्तानच्या सरकारने २०१९ मध्ये नागरिकांच्या गळी आपले मूळ प्रमाणपत्र उतरविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यातून नागरिकांचाच व्यवहार वाचला जात असल्याचे आढळले आणि गुगल, मोझिला व ॲपल यांनी ते प्रमाणपत्र रोखले. भारताला त्या वाटेने जायचे नाही. भारताला आपल्या प्रमाणपत्राचा मान जगाकडून खऱ्या अर्थाने मिळवायचा आहे.

आणि तो मिळवावाच लागेल. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर निर्बंध आले, तेव्हा परदेशी प्रमाणन संस्थांनी रशियातील मोठ्या बँकांची प्रमाणपत्रे रद्द केली वा नूतनीकरण थांबविले. रशियाला घाईघाईने स्वतःचे मूळ प्रमाणपत्र काढावे लागले आणि ते मानणारे ब्राऊझर होते त्यांच्याच घरचे, यांडेक्स आणि ॲटम. ज्याच्याजवळ घरचा ब्राऊझर नव्हता, त्याची अशा प्रसंगी काय गत झाली असती? युद्धाची नीतिमत्ता हा वेगळा विषय. परंतु बँकेच्या पाटीवरचे नाव पुसण्याची सत्ता दुसऱ्या राष्ट्राच्या हाती असू शकते, हे त्या दिवसांत जगाने पाहिले.

बियाण्याची पिशवी

याच जाणिवेतून केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये स्वदेशी ब्राऊझरसाठी राष्ट्रीय स्पर्धा जाहीर केली. बंगळूरचे सी-डॅक आणि प्रमाणन नियंत्रकांचे कार्यालय यांनी ती राबविली. एकूण तरतूद ३ कोटी ४१ लाख रुपयांची. भारताचे मूळ प्रमाणपत्र त्या ब्राऊझरने ओळखावे, ही त्यातील एक प्रमुख अट. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला. झोहो कंपनीला एक कोटीचे पहिले पारितोषिक मिळाले. याच झोहोचा उला हा ब्राऊझर २०२३ पासून उपलब्ध आहे. त्याआधी २०१० साली बंगळूरच्याच एका कंपनीने एपिक नावाचा ब्राऊझर काढला होता. हे प्रयत्न अभिनंदनीय आहेत. तामिळनाडूतील तेनकाशीसारख्या आडवळणाच्या भागात बसून झोहोचे अभियंते जगाशी स्पर्धा करणारी आज्ञावली लिहितात. यवतमाळ आणि पुसद येथेही अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तेथील तरुणांनी पुण्याची गाडी पकडण्यापलीकडे काही स्वप्न पाहावे, यासाठी याहून चांगले उदाहरण कोणते?

पण स्वदेशीच्या उत्साहात डोळे मिटून चालणार नाही. कपाशीच्या शेतकऱ्याला दर खरिपात एक अनुभव येतो. पिशवीवरचे नाव भारदस्त असते, चित्र सुंदर असते, आणि आतले बियाणे उगवतच नाही. २०२० साली चिनी उपयोजनांविरुद्ध लाट उसळली, तेव्हा ‘मित्रों’ नावाचे उपयोजन अस्सल देशी म्हणून लक्षावधी भारतीयांनी डोक्यावर घेतले. थोड्याच दिवसांत पाकिस्तानातील एका कंपनीच्या प्रमुखानेच सांगितले की, ही आज्ञावली आपल्याकडून किरकोळ किमतीला विकत घेतलेली आहे. त्यात दुसऱ्याचे खाते ताब्यात घेता येईल असा दोषही निघाला. नाव देशी, बियाणे कुणाचे? आजही ‘क्रोम काढा, अमुक देशी ब्राऊझर घ्या, हेच खरे राष्ट्रकार्य’ असे संदेश फिरतात. त्या ब्राऊझरमागे कोण आहे, तो कोणत्या गाभ्यावर उभा आहे, गाभ्यात दोष सापडल्यावर त्याची दुरुस्ती किती दिवसांत येते, यांतील एकही प्रश्न पुढे पाठविणारा विचारीत नाही. उलाचा गाभाही क्रोमियमचाच आहे. तो मुक्त असल्याने वापरण्यात काही गैर नाही; पण गुगलने भोक बुजविले त्याच आठवड्यात ते आपल्या घरीही बुजले पाहिजे, ही जबाबदारी देशी निर्मात्यावर आहे. ती जो पाळतो तो स्वदेशी. जो पाळत नाही तो केवळ देशी पाटीचा.

अर्धवट स्वदेशी किती महाग पडते, हे दक्षिण कोरियाला विचारावे. अमेरिका आपल्या ब्राऊझरमधून दुबळी कूटलिपीच निर्यात करू देत असे, त्या काळात, १९९८ मध्ये, कोरियाने स्वतःची सीड नावाची भक्कम कूटलिपी तयार केली. अभिमानाची गोष्ट! पण स्वतःचा ब्राऊझर नव्हता. म्हणून ती कूटलिपी मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हएक्स या जोडणीतून चालविली. झाले असे की, पुढची कैक वर्षे बँकेचा व्यवहार करायचा तर एक्सप्लोरर वाचून गत्यंतर उरले नाही. स्वाभिमानापोटी उचललेले पाऊल परक्याच्या खुंट्याला बांधले गेले. अधिकृत प्रमाणपत्रांची ती पद्धत मोडीत काढायला डिसेंबर २०२० उजाडला. धडा उघड आहे. स्वदेशी पूर्ण साखळीत हवे; गाभा, दुरुस्ती, प्रमाणपत्र आणि ते समजणारी माणसे, या सगळ्यांत हवे.

‘आमच्याजवळ लपविण्यासारखे काय आहे?’

मध्यमवर्गीय घरात हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. त्याचे उत्तर सोपे आहे. घराला पडदे लावणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो. पेन्शनचे खाते, सुनेच्या बाळंतपणाची फाईल, मुलाचा संकेतशब्द, कर्जाची थकबाकी, या लपविण्याच्या नव्हे, जपण्याच्या गोष्टी आहेत. ज्या जिल्ह्यात कर्जाच्या पायी शेतकऱ्यांनी जीव दिले, तेथे एखाद्या कुटुंबाची नड सावकाराला वा भामट्याला आधी कळणे म्हणजे काय, हे अधिक फोड करून सांगायला नको.

भामटा ती नड अचूक हेरतो. पीएम किसानचा हप्ता येण्याच्या सुमारास त्याच नावाची फाईल व्हॉट्सॲपवर येते. दाबली की फोन परस्वाधीन. लाडक्या बहिणींचे ई-केवायसी २०२५ मध्ये सुरू झाले, तशी त्या नावाची बनावट संकेतस्थळेही निघाली. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाच्या खरेदीसाठी नोंदणी कपास किसान उपयोजनावर करायची होती. आज शेतकऱ्याला नांगराइतकाच फोन हाताळावा लागतो. त्याला कुलुपाचे चिन्ह पाहून विश्वास ठेवा, असे सांगितले जाई. ते चिन्ह केवळ वाट सुरक्षित असल्याचे सांगते, समोरचा माणूस सज्जन असल्याचे नव्हे. भामट्याच्या संकेतस्थळालाही ते मिळते. लोकांचा हा गैरसमज होतो, म्हणून २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्हच बदलले.

तहसिलीपासून माजघरापर्यंत

निदान झाले, आता उपचार. पहिली जबाबदारी शासनाची. ग्रामपंचायत, सेवा केंद्र, शाळा, सहकारी संस्था येथील प्रत्येक संगणकावर कोणता ब्राऊझर आहे, कोणती आवृत्ती आहे, याची वर्षातून दोनदा नोंद झालीच पाहिजे. ज्या संगणकावरून जन्म-मृत्यूच्या नोंदी होतात, तेथे संकेतशब्द ब्राऊझरमध्ये साठवून ठेवण्यास सक्त मनाई हवी आणि काम संपल्यावर खाते बंद करण्याची सवय हवी. एकाच किल्लीवर पाच जणांनी काम करायचे आणि चूक झाली की संगणकाकडे बोट दाखवायचे, हा प्रकार थांबला पाहिजे.

दुसरी जबाबदारी कुटुंबांची. ब्राऊझर निवडताना चार प्रश्न विचारावेत. तो बनविणारा कोण आणि कोणत्या देशाच्या कायद्याला बांधलेला? त्याची कमाई कशावर? त्याची दुरुस्ती किती वेळा येते? पाळतीचे धागे तो आपणहून तोडतो की नाही? या कसोटीला उतरेल तो घ्यावा. देशी उतरत असेल तर आधी देशी. मग तो क्रोम असो, फायरफॉक्स असो वा उला, अद्ययावत नसेल तर सारेच व्यर्थ.

देवघरात सोवळे पाळले जाते, तसे बँकेच्या व्यवहारांसाठी एक ब्राऊझर सोवळ्यात ठेवावा. त्यात दुसरे काही उघडायचे नाही, त्याला कसलीही जोड-उपयोजने लावायची नाहीत. ही जोड-उपयोजने म्हणजे घरात घेतलेला पाहुणा. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षा कंपनीच्याच जोड-उपयोजनात नाताळच्या तोंडावर घातक बदल घुसविला गेला; त्याचे सुमारे चार लाख वापरकर्ते होते. विषाणूरोधक म्हणून प्रसिद्ध असलेल्या अवास्टने वापरकर्त्यांची भ्रमंती विकली, म्हणून अमेरिकी व्यापार आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्याकडून १ कोटी ६५ लाख डॉलर भरून घेतले. राखणदारच माल विकत होता!

बँकेचे संकेतस्थळ शोधयंत्रात शोधू नये. पत्ता स्वतः टंकावा. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हे राखीव नाव जाहीर केले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तेथे स्थलांतर करण्यास सांगितले. पत्त्याचा शेवट तसा आहे की नाही, हे आजीलाही तपासता येते. नातवाने एकदा दाखवावे मात्र. शासकीय कामासाठी ‘डॉट गव्ह डॉट इन’ पाहावे. आणि फसवणूक झालीच तर लाज धरून गप्प न बसता तत्काळ १९३० हा क्रमांक फिरवावा. हा आकडा यवतमाळकरांनी विसरण्याचे कारण नाही. १९३० सालीच वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे जंगल सत्याग्रह केला. आपल्याच रानातले गवत कापायला परक्याची परवानगी कशाला, हा त्या विळ्याच्या धारेचा प्रश्न होता.

आज रान बदलले आहे, प्रश्न तोच आहे. आपल्या जन्माची नोंद, आपल्या जमिनीचा उतारा, आपल्या घामाचा पैसा ज्या दारातून ये-जा करतो, त्या दाराची कडी कुणाच्या हाती असावी? शाखेत, मंडळात, महिलांच्या भजनी वर्गात, शाळेच्या पालक सभेत एक तास या विषयाला द्यायला काय हरकत आहे? एका कार्यकर्त्याने महिन्याला दहा घरांचे फोन पाहिले, जुने ब्राऊझर अद्ययावत केले, अनोळखी जोड-उपयोजने काढून टाकली, तर त्यासाठी पत्रक लागत नाही, मंडप लागत नाही, देणगी लागत नाही. घोषणांनी राष्ट्र जागे होते. पण ते सुरक्षित राहते ते रात्री झोपण्यापूर्वी कडी लावणाऱ्या हातांमुळे. तो हात घराघरात तयार करणे, हे आजचे राष्ट्रकार्य आहे.